पेपरवेट घेण्याआधी तळ पाहावा

वीस वर्षे झाली, आम्ही कारकुनाच्या टेबलावर बसतो. डोक्यावर पंखा, समोर कागद आणि कागदांवर काचेचा गोळा. त्या गोळ्याकडे निरखून पाहण्याची वेळ मात्र परवा पहिल्यांदा आली, आणि तीही कचेरीत नव्हे, केडगावच्या आमच्या राहत्या घरी.

गल्लीतल्या एक ताई रात्री मुलाला घेऊन आल्या. ताई शिवणकाम करतात, मुलगा टेम्पो चालवतो. "जयभीम भाऊ. या पोराला जरा समजवा," एवढे बोलून त्या खाली बसल्या. मुलाने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला काचेचा पेपरवेट काढला. जुन्या वस्तू विकणाऱ्या एकाने त्याला सांगितले होते की, हा फ्रान्सच्या बाकारा कारखान्याचा, 1848 सालचा आहे. चाळीस हजारांना घे, मुंबईत परदेशी गिऱ्हाईक दोन लाख देईल. पोराने दोन हजार इसार देऊन वस्तू दोन दिवसांच्या बोलीवर घरी आणली होती. उरलेल्या 38 हजारांसाठी आईने बचत गटातून कर्ज उचलावे, असा त्याचा हट्ट होता.

"काका, खाली अक्षर अन् साल कोरलंय. तुम्हीच बघा," तो म्हणाला.

वस्तू देखणी होती, हे कबूल केले पाहिजे. आत लाल-निळी बारीक फुले, वर स्वच्छ काचेचा घुमट. आम्ही काचेचे जाणकार नव्हे, साधे बी.कॉम. पण वहीतला आकडा आणि पेटीतली रोकड जुळते का, हे पाहणे आमचे रोजचे काम. तेच येथे करायचे ठरवले. दुसऱ्या दिवशी वाचनालयात बसून जमेल तेवढे वाचून काढले.

वाचकहो, ही फुले रंगवलेली नसतात. रंगीत काचेच्या कांड्या एकत्र जुळवून तापवतात, ओढून बारीक करतात आणि त्यांच्या चकत्या कापतात. प्रत्येक चकतीवर एक फूल दिसते. चकत्या मांडून त्यांवर वितळलेली काच घेतली की पेपरवेट होतो. फ्रान्समधील बाकारा, सँ लुई आणि क्लिशी या कारखान्यांनी साधारण 1845 ते 1860 या काळात असे उत्तम पेपरवेट केले. बाकाराच्या काही पेपरवेटांत 'बी' हे अक्षर आणि साल असते. पण ते असते आत, फुलांच्या बरोबरीने, काचेच्या कांडीतूनच घडवलेले.

आमच्या हातातल्या पेपरवेटाचे साल तळावर होते, तेही एका कापडी चकतीखाली अर्धे झाकलेले. चकती सोडवली आणि भिंग लावले. तळ घासून घासून झिजलेला होता, पण अक्षरांच्या कडा नव्या आणि धारदार होत्या. झिजेचे जुने ओरखडे अक्षरांनी मध्येच तोडले होते. म्हणजे झीज आधीची, कोरीव काम नंतरचे. फुलेही तळाला अगदी चिकटून होती. तळ पुन्हा खोलवर घासलेला असावा. तसे घासणे हा गुन्हा नव्हे. टवका उडालेली काच लोक घासून घेतात. पण प्रामाणिक विक्रेता ते सांगतो.

मग वजन. बाकाराची काच शिसेयुक्त, म्हणून जड. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर पेपरवेट 450 ग्रॅम भरला. नंतर काट्यावर पाण्याचे पातेले ठेवून आकडा शून्य केला. पेपरवेट दोऱ्याच्या शिंक्यात बांधून, बुडाला वा कडेला न टेकवता, पाण्यात पूर्ण बुडवून धरला. काट्याने 180 दाखवले. 450 भागिले 180 म्हणजे अडीच. बांगडी-बरणीची साधी काच अडीचच्या आसपासच येते. शिसेयुक्त काच तीनच्या आसपास किंवा वर जाते. केवळ जड आली म्हणून ती बाकाराची ठरत नाही. पण साधी आली, तर बाकाराची नव्हे हे नक्की. (पाणी साधेच घ्यावे; गरम पाण्याने काच तडकते.)

"असली काच हिंदुस्थानात होतच नाही," असेही विक्रेत्याने पोराला ऐकवले होते. तळेगाव दाभाड्याला लोकांच्या पैशा-पैशाच्या वर्गणीतून पैसा फंडाचा काच कारखाना 1908 साली उभा राहिला. कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला 1916 साली ओगल्यांचा कारखाना निघाला, त्याचे प्रभाकर कंदील घरोघरी जळले. फिरोजाबादच्या भट्ट्या तर आजही पेटलेल्या आहेत. शिवाय जुन्या फ्रेंच पेपरवेटांच्या नकला चीनमध्ये 1930 च्या दशकापासून होत आल्या. तेव्हा काच सुंदर आहे म्हणून ती फ्रेंच ठरत नाही.

आणि परदेशी गिऱ्हाईक? शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, असा 1972 चा कायदा आहे. माल खरा असता, तर तो परदेशी पाठवण्याचा बेत कायद्यात अडकला असता. खोटा, तर चाळीस हजार बुडाले असते.

पोराने सगळे हिशेब स्वतः पुन्हा केले. पाण्यातले वजन त्याने तीनदा घेतले. तिसऱ्यांदाही 180 आले, तेव्हा तो गप्प झाला. दुसऱ्या दिवशी आम्ही बरोबर गेलो. विक्रेत्याने वस्तू परत घेतली. "अक्षरे आधीच्या मालकाने कोरली असतील," म्हणाला. इसार मात्र दिला नाही. दोन हजार म्हणजे ताईंच्या किती ब्लाउजांची शिलाई, ते वाचणाऱ्या भगिनींनीच मोजावे.

घरी परतताना पोर म्हणाले, "काका, आईला तोंड कसं दाखवू?" आम्ही म्हटले, बाबा, कर्जाच्या कागदावर आईचा अंगठा पडण्याआधी तू मोजलेस, हे तिला सांग.

तेव्हा बंधू-भगिनींनो, जुनी वस्तू जरूर घ्यावी, आवडली म्हणून घ्यावी. पण कोणी तीत लाखांचा नफा दाखवला, तर इसार देण्याआधी चकती सोडवून तळ पाहावा आणि काटा काढावा. जो विक्रेता तळ पाहू देत नाही, त्याच्या दारातून तसेच माघारी फिरावे.