दिवे कोणाला विचारून विझवणार?

मध्यरात्रीनंतर वस्तीतले रस्त्यावरचे दिवे बंद केले तर वीज वाचेल, हे म्हणणं चटकन पटतं. इंग्लंड-वेल्समध्ये बऱ्याच ठिकाणी तसं केलं गेलं. त्यामुळे गुन्हे वाढल्याचं २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात दिसलं नाही.

मग बायका उगाचच घाबरतात का? मैत्रिणींनो, नोंद होते ती घडलेल्या गुन्ह्याची. अंधाराला भिऊन घरीच थांबलेल्या बाईची नोंद कुठेच होत नाही.

शीव कोळीवाड्यासारख्या वस्तीत रात्र रिकामी नसते. पहाटेच्या अंधारात मासळीसाठी भाऊच्या धक्क्याला निघणारी कोळीण, रुग्णालयातून उशिरा परतणारी आया, सार्वजनिक संडासाला जाणारी मुलगी, या साऱ्यांना ही वाट चालावीच लागते. दिवा म्हणजे पोलीस नव्हे, हे खरं. पण समोरून कोण येतंय ते दिसलं, तर वाट बदलायची की नाही हे बाई स्वतः ठरवू शकते.

वीज जरूर वाचवावी. एलईडी दिवे न विझवता मंदही करता येतात. मुंबई शहर भागातले रस्त्यावरचे दिवे बेस्ट सांभाळते. चौघीजणींनी मिळून एका रात्री गल्ल्या फिराव्यात, बंद दिव्यांच्या खांबांची यादी करावी, ती बेस्टला आणि महापालिकेच्या एफ उत्तर विभाग कार्यालयाला द्यावी. आणि ठणकावून सांगावं: दिवा विझवण्याआधी त्या वाटेने जाणारीला विचारा!