शुद्ध पाण्याचा चालू खर्च

तळ्याचे गढूळ पाणी पिऊन पटकी-अतिसाराला बळी पडण्यापेक्षा कूपनलिकेचे नितळ पाणी बरे, या सद्हेतूनेच बंगालच्या खेड्यापाड्यांत कूपनलिकांचा प्रसार झाला. नेमके त्या नितळ पाण्यातच आर्सेनिक निघाले. कलकत्त्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी १९८३ साली रुग्णांच्या त्वचेवरील डागांचा संबंध या विषाशी जोडून दाखविला. त्याला चार दशके लोटली, तरी प्रश्न सुटलेला नाही. आर्सेनिकला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळूनही ते जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेली मर्यादा लिटरमागे अवघी १० मायक्रोग्रॅम आहे.

अशा वेळी शहरी मध्यमवर्गाला ‘आर.ओ.’ यंत्र आठवते. त्यातील पटल पाण्यातले बहुतेक सारेच क्षार अडविते. पण त्यासाठी दाब हवा, वीज हवी, आणि घरगुती यंत्रांतून शुद्ध पाण्यापेक्षा टाकाऊ पाणीच अधिक निघते. शिवाय त्रिसंयुजी आर्सेनिक विद्युत्भाररहित असल्याने काही अंशी पटलातून निसटते ते निराळेच. एका विषासाठी सारे क्षार उपसणे हा साधनसामग्रीचा अपव्यय होय.

चेन्नईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. टी. प्रदीप व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वीकारलेला मार्ग या दृष्टीने अधिक शहाणपणाचा आहे. जैविक बहुवारिकाच्या जाळीत त्यांनी लोहसंयुगाचे नॅनो आकाराचे, म्हणजे मीटरच्या अब्जांशात मोजावे लागणारे, कण बसविले. कण जितके सूक्ष्म, तितके तेवढ्याच वजनाच्या द्रव्याचे पृष्ठफळ मोठे. आणि या पृष्ठभागावर दोन्ही प्रकारचे आर्सेनिक चिकटून राहते. वीज लागते ती पाणी उपसण्यापुरतीच. या संशोधनावरील निबंध २०१७ साली प्रसिद्ध झाला आणि पश्चिम बंगालमधील सामुदायिक संयंत्रांत हे तंत्र वापरातही आले.

शास्त्रज्ञांचे काम येथे संपते आणि अर्थव्यवहाराचे सुरू होते. कणांचा पृष्ठभाग कितीही विशाल असला तरी तो कधीतरी भरतोच. त्यानंतर नळातून येणारे पाणी पूर्वीइतकेच नितळ दिसते, पण ते विषारी असते. ज्या मालाचा दोष ग्राहकाला दिसत नाही, तेथे बाजारपेठेची शिस्त पांगळी पडते. नियमित तपासणीचा भार सार्वजनिक तिजोरीनेच उचलावा लागतो. आपल्याकडे मात्र भांडवली खर्चाला उद्घाटनाचा समारंभ लाभतो, देखभालीला कोणी नारळ फोडीत नाही! पश्चिम बंगालमध्ये पूर्वी बसविलेली आर्सेनिक-निर्मूलन संयंत्रे भरवशाची ठरली नाहीत, असा निष्कर्ष जादवपूर विद्यापीठातील संशोधकांनी २००५ सालीच नोंदविला होता. त्या संयंत्रांचे तंत्र वेगळे होते, हे मान्य. परंतु नॅनो कणांची गाळणीही त्याच ग्रामपंचायतीच्या तुटपुंज्या उत्पन्नावर सोपविली, तर तिची गत निराळी का व्हावी?

म्हणून निविदा संयंत्राच्या किमतीवर न काढता, निदान दहा वर्षे पुरवावयाच्या निर्धोक पाण्याच्या लिटरमागील दरावर काढणे इष्ट ठरेल. कंत्राटदाराला पैसे मिळावेत ते त्रयस्थ प्रयोगशाळेच्या अहवालानुसार, हप्त्याहप्त्याने. आणि त्या अहवालातील आकडे संयंत्राच्या भिंतीवर बंगाली भाषेत रंगविलेले असावेत. वापरून झालेली गाळणी परत नेण्याची जबाबदारीही त्याच दरात धरली पाहिजे. नाहीतर पाण्यातून वेचून काढलेले आर्सेनिक गावाच्या उकिरड्यावरून पुन्हा मातीत उतरेल.