'मालक काय करतात?'



मंठ्यात कामाला आले तेव्हा एमएसडब्ल्यूची पदवी, संस्थेचं नेमणूकपत्र आणि तीन महिन्यांचं आगाऊ भाडं, सगळं जवळ होतं. तरी खोली मिळायला पंचवीस दिवस लागले. रिकाम्या खोल्या होत्या. दार उघडलं की पाण्याचा तांब्या यायचा आणि मागोमाग प्रश्न यायचा, "मालक काय करतात?" आपल्याकडे नवऱ्याला मालक म्हणतात. लग्न झालेलं नाही म्हटलं की तीच खोली 'पाहुण्यांसाठी ठेवलेली' निघायची. शेवटी धाकटा भाऊ परभणीहून आला, करारावर सही केली आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेला. पुढची पाच वर्षं भाडं मी भरलं, कागदावर भाडेकरू मात्र तो. हक्कांची शिबिरं घेणाऱ्या मी ही सही मुकाट्याने होऊ दिली, हे आधीच कबूल करते.

मी निदान पगारदार होते. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे आलेली बाई अकरा वर्षं नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जात होती. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. नवऱ्याने दुसरी बाई आणली, हिला दोन मुलींसह घराबाहेर काढलं, आणि कोयताही मोडला. एकटीला मुकादम उचल देईना. म्हणून ती तालुक्याच्या गावाला आली. एका दवाखान्यात झाडलोट करून महिना ६,५०० रुपये मिळू लागले. पत्र्याच्या एका खोलीचं भाडं १,८०० रुपये, लाइटबिल वेगळं, संडास चार बिऱ्हाडांत एक. एवढ्या पैशांत याहून बरं काही नाही, हे तिला मान्य होतं. जाच वेगळाच होता. करार भावाच्या नावाने. रात्री आठनंतर दार बंद. घरी पुरुष आला तर चौकशी, मग तो मुलींचा मामा का असेना. भाड्याची पावती नाही. (दलित आणि मुसलमान बायांना तर मालकाच्याही आधी आडनाव विचारतात; त्यांची शोधाशोध पहिल्या दारातच संपते.)

खोली स्वस्त की महाग हे आपण भाड्याच्या आकड्यावरून ठरवतो. पण ज्या खोलीचा कागद तिच्या नावावर नाही, तिथला पत्ताही तिचा होत नाही. रेशनकार्ड सासरच्या गावात अडकून राहतं. ऐंशी-नव्वदच्या दशकांत परित्यक्तांनी स्वतंत्र रेशनकार्डाची मागणी लावून धरली होती. त्या कार्डासाठी राहण्याचा पुरावा लागतो, आणि तो घरमालकाच्या हातात असतो.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ सरसकट प्रत्येक गावाला लागू नाही. जिथे लागू आहे तिथे कलम ५५ नुसार करार लेखी हवा आणि नोंदणीकृतही हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. त्याने ती केली नाही, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. करार अमुक पुरुषाच्याच नावाने हवा, असं कुठल्याच कायद्यात नाही. ती आपली रीत.

दुसरा कायदा आपल्या रोजच्या कामाचा, २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा. त्यातला सासरच्या घरात राहण्याचा हक्क आपण शिबिरांत सांगतो. घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी ते सामायिक घर ठरू शकतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये दिला, तोही सांगतो. पण मार खाऊन बाहेर पडलेल्या किती जणींना त्या घरात परत जायचं असतं? त्यांच्यासाठी कलम १९ मध्येच पुढे एक तरतूद आहे. नवऱ्याने तशाच दर्जाची दुसरी जागा मिळवून द्यावी किंवा तिचं भाडं भरावं, असा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. कलम २३ खाली तो अंतरिमही मिळू शकतो. हे लिहिण्याआधी मी माझेच जुने अर्ज काढून पाहिले. पोटगी सगळ्यांत मागितली होती. घरभाडं वेगळं एकाही अर्जात नव्हतं. भाडं पोटगीतूनच भागेल, असं आम्ही गृहीत धरलं होतं. ते भागत नाही, कारण पोटगीचा आकडा धान्य आणि शाळेच्या हिशोबातच संपतो.

म्हणून या बाईच्या अर्जात आम्ही १,८०० रुपये भाडं स्वतंत्र मागितलं. नवऱ्याच्या वकिलांनी भाडेकराराची प्रत पुढे केली. भाडेकरू भाऊ आहे, बहीण त्याच्याकडे फुकट राहते, मग भाडं कसलं? आमच्याकडे उत्तर नव्हतं. करार करताना 'आत्ता खोली तर मिळू दे' म्हणणारी मीच होते. आता आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला आधी सांगते : करार तुझ्या नावाने कर, जामीनदार म्हणून भावाची सही चालेल. रोख भाडं दिलंस तर वहीत तारीख-रक्कम लिहून सही घे, जमेल तिथे बँकेतून दे.

या बाईचं भाडं दर महिन्याच्या पाच तारखेला घरमालकीणबाई स्वतः मोजून घेतात. कोर्टात एवढंच येऊन सांगाल का, असं विचारायला परवा मी गेले होते. त्यांनी चहा केला, मुलींबद्दल चांगलं बोलल्या. साक्षीचं म्हटल्यावर मात्र पदर सावरून म्हणाल्या, "मालकांना इचारून सांगते." पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.