‘आता बसा, आई’ म्हणण्याआधी

शहापूर-मुरबाडकडच्या घरांत एक वाक्य फार ऐकू येतं. साठी ओलांडलेली बाई जमिनीला हात टेकून, ‘आई गं’ म्हणत उठते आणि घरातलं कुणीतरी लगेच म्हणतं, ‘आता बसा, आई. आयुष्यभर खूप केलंत.’ म्हणणाऱ्याच्या मनात माया असते, यात शंका नाही. सून म्हणते, मुलगा म्हणतो, माहेरपणाला आलेली लेक तर डोळ्यांत पाणी आणून म्हणते. पण मैत्रिणींनो, माझं या वाक्याशी भांडण आहे.

कारण त्यानंतर काय होतं ते आपण सगळ्याच बघतो. आधी शेतावर जाणं सुटतं. मग बाजार सुटतो, कारण एसटीची पायरी उंच. २०२३ साली बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं, पायरी मात्र होती तेवढीच राहिली. मग देऊळ सुटतं. मग अंगणातून ओटी, ओटीवरून खाट, आणि खाटेसमोर टीव्ही. वर्षभरात मांड्या बारीक होतात, पोट सुटतं, चार पावलं टाकली की धाप लागते. ब्लडप्रेशरच्या गोळीला साखरेच्या गोळीची सोबत होते. आणि ज्या गुडघ्यासाठी बसवलं, तो गुडघा? तो आधीपेक्षा जास्त कुरकुरतो.

यावर दुसरं ठरलेलं वाक्य येतं. ‘तिला कसला व्यायाम? जन्मभर राबली ती!’ राबली हे खरंच. आषाढात चिखलात कमरेतून वाकून लावणी, मग कापणी, रानातून लाकडाचे भारे, चुलीपुढे उकिडवं बसणं, आणि उन्हाळ्यात डोक्यावर हंडा. मुंबईची तहान भागवणारे तानसा आणि भातसा हे दोन्ही जलाशय शहापूर तालुक्यात, आणि त्याच तालुक्यातल्या कित्येक गावांत उन्हाळ्यात बायका पाण्यासाठी पायपीट करतात. शहरातले डॉक्टर गुडघ्याच्या पेशंटला सांगतात, पोहण्याच्या तलावात उतरून पाण्यात चाला, पाणी अंगाचा भार उचलतं. चांगलाच सल्ला आहे तो. फक्त आपल्याकडे पाणी बाईचा भार उचलत नाही, बाई पाण्याचा उचलते.

तर राबणं आणि व्यायाम यांत फरक आहे. राबताना सांध्यावर बोजा असतो, वाकलेला गुडघा तासन् तास तसाच राहतो, आणि दुखलं तरी थांबता येत नाही. व्यायामात बोजा नसतो, हालचाल लयीत असते आणि कधी थांबायचं ते आपण ठरवतो. म्हणून ‘जन्मभर राबली, आता बसू दे’ हा हिशेब चुकतो. राबणं कमी करायलाच हवं, पण चालणं कमी करायचं नाही. आपण नेमकं उलटं करतो. सगळं एकदम बंद!

गुडघ्यात हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत गादी असते, म्हणजे कूर्चा, तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवातून होतं. भांडी घासायचा स्पंज दाबला की पाणी सोडतो, सैल केला की शोषतो, तसंच काहीसं. सांधा हलला नाही तर हे चालणार कसं? शिवाय गुडघ्याचा खरा आधार मांडीचा पुढचा स्नायू. बसून राहिलं की पहिला तोच वाळतो, आणि मग शरीराचा सगळा भार उघड्या सांध्यावर.

हे माझं घरगुती मत नाही. अमेरिकेत १९९७ साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. गुडघे झिजलेली, साठीच्या पुढची ४३९ माणसं घेतली. काहींना नियमित चालायला लावलं, काहींना हलक्या वजनांचे व्यायाम दिले, उरलेल्यांना नुसती आरोग्याची माहिती दिली. दीड वर्षानंतर चालणाऱ्यांचं आणि व्यायाम करणाऱ्यांचं दुखणं थोडं कमी होतं आणि रोजची कामं जास्त जमत होती. महत्त्वाचं म्हणजे एक्स-रेमध्ये त्यांची झीज इतरांपेक्षा वाढलेली नव्हती. ‘चाललं की गुडघा आणखी झिजेल’ ही भीती आपण उगाच बाळगून आहोत. २००५ मधल्या दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं की वजन एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोने हलका होतो. आणि दिवसाला पावलं किती पडतात!

गुडघा सांभाळून हृदयाला आणि फुप्फुसाला काम देणारा व्यायाम ओळखायची साधी खूण आहे. एक पाऊल कायम जमिनीवर हवं. दोन्ही पाय एकदम हवेत गेले की खाली येताना दणका गुडघ्याला बसतो. म्हणजे दोरीवरच्या उड्या नकोत, आणि मंगळागौरीची जोरदार फुगडीही आता नातीला खेळू द्यावी. चढ-उतारापेक्षा सपाट रस्ता बरा, त्यातही उतार जास्त त्रास देतो. सपाटीवर चालणं सगळ्यांत सोपं. घरात जुनी सायकल असेल तर ती स्टँडवर लावून, सीट उंच करून पायडल मारता येतात. पाय खाली गेला की गुडघा जवळजवळ सरळ व्हायला हवा.

आणि आपल्या हरिनाम सप्ताहातली पावली! टाळावर एक पाऊल पुढे, एक मागे, हात वर, पुन्हा मागे. उड्या न मारता, मंद चालीत खेळलेली पावली याच जातीचा व्यायाम आहे, आणि त्यासाठी कुठल्या क्लासची फी भरायला नको. गावोगावी बायकांची भजनी मंडळं आहेत. बसून भजन म्हणण्याआधी दहा मिनिटं उभ्याने पावली धरली तर कुणाची हरकत असणार आहे? मला तर यात सप्ताहाइतकंच पुण्य दिसतं.

पावसाळ्यात आपल्याकडे रस्ते म्हणजे नुसता राडा, पाय घसरला तर गुडघ्याऐवजी खुब्याचं दुखणं मागे लागायचं. त्या चार महिन्यांत घरातच खुर्ची घ्यावी. पक्की खुर्ची, भिंतीला टेकवलेली. प्लास्टिकची हलकी खुर्ची निसटते. ताठ बसायचं आणि एकेक गुडघा उचलत कवायतीसारखं ‘डावा, उजवा’ करायचं, हात हलवायचे. रेडिओवर दोन-तीन गाणी होईपर्यंत करून बघा, बसल्या बसल्या दम लागतो.

किती करायचं? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली मोठ्या माणसांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगितली, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. पण ज्या आजी वर्षभर खाटेवर होत्या त्यांनी पहिल्या दिवशी पाच मिनिटांत परत यावं. सकाळी पाच, संध्याकाळी पाच. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवावीत. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा दम पुरे. थोडं दुखलं तर घाबरायचं नाही. मात्र घरी आल्यावर दोन तासांनीही वाढलेलं दुखणं उतरलं नाही, किंवा दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला, तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजून कमी करायचं. अंगठ्याच्या सपाता नकोत, मागून पट्टा असलेली चप्पल किंवा बूट हवेत. साडीवर बूट बघून कुणी हसलं तर हसू द्यावं. काठी घेणार असाल तर दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरा. बहुतेक जणी नेमकी दुखऱ्या बाजूला धरतात.

काही जणींनी मात्र आधी डॉक्टर गाठायला हवा. चालताना छातीत दुखतं, चक्कर येते, गुडघा अचानक लाल-गरम होऊन सुजलाय, ताप आहे, किंवा पडल्यानंतर पाय टेकवत नाही, अशा वेळी व्यायामाचा विचारही नको. सकाळी तास-तासभर बोटं आणि मनगटं आखडतात, सुजतात, तर ती झीज नसून आमवात असू शकतो, त्याची औषधं वेगळी आहेत. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय. तिथे दाखवावं. मेडिकलमधून स्वतःच मागून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या महिनोन् महिने घेणाऱ्या बायका मी पाहते तेव्हा धस्स होतं. त्या गोळ्या पोटाला आणि किडनीला बाधतात, ब्लडप्रेशर वाढवतात. ऑपरेशनची खरंच गरज असेल तर ते टाळू नये. कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर सरकारने २०१७ साली मर्यादाही घातली. पण त्या ऑपरेशनआधी आणि नंतरही मांडीत ताकद लागतेच, ती कुणी कल्याणहून विकत आणून देत नाही.

इतकं सगळं सोपं असताना बायका चालत का नाहीत? माझ्या सासूबाई बहात्तरच्या आहेत. त्यांना मी चालायला सुचवलं तर म्हणाल्या, ‘अगं, रिकाम्या हातानं रस्त्याला लागले की दहा जण विचारतात, कुठं निघाल्या, काय हरवलं का?’ मग त्यांनीच तोड काढली. हातात एक पिशवी घ्यायची. पिशवी रिकामी! पण पिशवी दिसली की कुणी काही विचारत नाही. पुरुष सकाळी हात मागे बांधून गावभर फिरला तर तो ‘फिरायला’ गेलेला असतो. बाईला मात्र घराबाहेर पडायला कामाचा दाखला लागतो. आता त्यांच्याबरोबर आणखी तिघी-चौघी असतात. सासूबाईंचे गुडघे दुखायचे थांबलेले नाहीत, ते मी खोटं सांगणार नाही. पण देवळाच्या पायऱ्या त्या कठडा धरून चढतात, रात्री झोप लागते, आणि परत येतात तेव्हा गावातल्या चार बातम्या आणतात. माझ्या मते या बातम्यांचाही औषधात वाटा आहे.

मुरबाड तालुक्यातच फांगणे गाव आहे. तिथे ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली, शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने. गुलाबी लुगडी नेसून, खांद्याला दप्तर लावून साठी ते नव्वदीच्या आजी शाळेला निघाल्याचे फोटो तेव्हा देशभर छापून आले. लोकांनी कौतुक केलं ते अक्षरांचं, आणि ते योग्यच. मला मात्र ते दप्तर फार आवडलं. या आजींना घराबाहेर पडायला अख्ख्या गावाने मान्य केलेलं कारण मिळालं, ठरलेली वेळ मिळाली, सोबत मिळाली. सासूबाईंच्या रिकाम्या पिशवीला जे चोरून मिळवावं लागतं, ते फांगण्यात दप्तराला राजरोस मिळालं.

आणखी एक अडचण घरातली आहे, ती आपल्याच दारातली म्हणून बोलायला जड जाते. सून अंगणवाडीत, दुकानात, नाहीतर आसनगावहून लोकल पकडून कामाला, आणि नातवंडं आजीकडे. ‘बसा, आई’ म्हणायचं आणि मांडीवर दोन वर्षांचं मूल द्यायचं, हे कसलं बसणं? त्या आजीला रोज अर्धा तास मोकळा करून द्यायचा तर तेवढा वेळ मूल कुणीतरी घ्यायला हवं. घरात मुलाचा बाप असतो. संध्याकाळी मोबाइल बाजूला ठेवून त्याने अर्धा तास लेकराला घेतलं तर त्याची आई चालून येईल. सुनेने सासूला सांगण्यापेक्षा हे नवऱ्याला सांगावं.

उरला प्रश्न जागेचा. राज्यमार्गाच्या कडेने डंपर आणि मोटारसायकली चुकवत चालणं हा काही म्हाताऱ्या माणसाचा व्यायाम नाही. प्रत्येक गावात जिल्हा परिषदेच्या शाळेचं मैदान असतं. शाळा भरण्याआधी ते मोकळंच असतं. त्याच्या कडेने रोलर फिरवून सपाट केलेली पायवाट, बसायला दोन बाक आणि एक दिवा, एवढं मागायचं आहे. जिमची यंत्रं नकोत, ती गंजून पडलेली आपण पाहिली आहेत. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते, तिच्यात हा विषय मांडता येतो आणि ठरावात लिहून घेता येतो. पुढच्या महिला सभेला जाताना शेजारच्या आजींनाही सोबत घ्या. पंचायतीचं ऑफिस लांब असेल तर मध्ये एकदा बसून, दम खाऊन जा, पण चालत जा.