गार्ड काढला कोणी?

कामाची जागा – साप्ताहिक स्तंभ

शिक्रापूरच्या चाकण चौकाच्या आसपास फिरलं की फॅब्रिकेशनची दुकानं दिसतात. गेट, ग्रिल, पत्र्याचे शेड, उसाच्या ट्रॉल्यांची दुरुस्ती. पायात चप्पल, डोळ्यांवर काही नाही, हातात ग्राइंडर आणि त्याच्या डिस्कवरचं आवरण म्हणजे गार्ड कोपऱ्यातल्या भंगारात, हे दृश्य इतकं नेहमीचं झालंय की कुणाची नजरही अडत नाही.

अपघात झाला की ‘पोरगं बेसावध होतं’ म्हणून विषय मिटवतात. मला ते अजिबात पटत नाही. गार्ड आपोआप गळून पडत नाही. मोठं चॅनेल एका दमात कापायचं असतं, सात इंची मशीन घ्यायचं नसतं. मग पाच इंची ग्राइंडरलाच सात इंची डिस्क चढवतात. ती गार्डमध्ये मावत नाही, म्हणून गार्ड काढतात. हा निर्णय हेल्परचा नसतो.

पाच इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण 11,000 फेरे घेतो. सात इंची डिस्कवर कमाल फेरे 8,500 च्या आसपास छापलेले असतात. तिच्या कडेला जास्तीत जास्त सेकंदाला 80 मीटर, म्हणजे ताशी 288 किलोमीटर वेग सोसतो. छोट्या मशीनवर तोच वेग 370 च्या पुढे जातो. डिस्क फुटली तर तुकडा त्याच वेगानं सुटतो आणि मध्ये गार्ड नसतो. डिस्कच्या मधोमध धातूची कडी असते, तिच्यावर मुदत संपण्याचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. ते जरूर वाचा. या डिस्का रेझिननं बांधलेल्या असतात, ओल धरतात, कमजोर होतात. ती तारीख उलटली की डिस्क मोडून टाकायची. आणि एक, ड्रिलिंग मशीनवर हातमोजे घालू नयेत. फिरता ड्रिल मोजा पकडतो आणि मोज्याबरोबर हातही ओढून नेतो.

रांजणगाव-सणसवाडीच्या मोठ्या कारखान्यांत बूट-गॉगलशिवाय शॉपमध्ये पाय ठेवू देत नाहीत. फिरत्या भागांना आडोसा हवा, हे 1948 च्या कारखाना कायद्याच्या 21 व्या कलमातच होतं. पण त्या कायद्यानं मुळात विजेवर चालणाऱ्या कामाला दहा कामगारांची अट घातली. चार माणसांचं दुकान त्यातून सुटलं. त्या दुकानातल्या पोराची बोटं मात्र कारखान्यातल्या कामगाराइतकीच असतात.

इथून जवळच पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेली पोरं तिथं वेल्डिंग, सुतारकाम प्रत्यक्ष करत शिकली. हत्यार नीट धरायला शिकवावं लागतं, हे आपल्या शिरूर तालुक्याला नवं नाही. आमच्या दुकानांत मात्र पोरगं पहिल्याच दिवशी ग्राइंडर उचलतं.

गेटची ऑर्डर देताना आपण पत्र्याचा गेज विचारतो, किलोचा भाव पाडून मागतो. त्याच वेळी ग्राइंडरला गार्ड आहे का, हेही विचारा. सात इंची मशीन घ्यायला लावा आणि त्यासाठी दुकानदारानं भाव थोडा वाढवला तर घासाघीस करू नका.