शाळेची वेळ बदलली, आता लाईटची बदला

अमेरिकेतली राज्ये घड्याळाला कंटाळली आहेत. उन्हाळ्याच्या तोंडावर काटे तासभर पुढे न्यायचे, हिवाळ्याआधी मागे आणायचे, हा प्रकार थांबवा, असे प्रस्ताव तिथल्या विधिमंडळांत वर्षानुवर्षे येत आहेत. युरोपीय संसदेने २०१९ मध्ये तसा कौलही दिला, अंमल मात्र अजून झालेला नाही. आपणही महायुद्धाच्या काळात, १९४२ ते १९४५, घड्याळ तासभर पुढे ठेवले होते. ते सोडले हे बरेच झाले. लंडनला सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात साडेआठ तासांहून जास्त फरक पडतो, जुन्नरला जेमतेम सव्वादोन तासांचा. एवढ्यासाठी काटे हलवण्यात अर्थ नाही.

तरीही उजेडाचे तास जुन्नर-आंबेगावात जिवाशी येतात. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याने तीन बळी घेतले. त्यांत दोन लेकरे होती. संतापलेल्या लोकांनी मंचरला पुणे-नाशिक महामार्ग अडवला. शेतात जाताना बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालू लागल्या. मग बिबटप्रवण भागातल्या शाळांची वेळ साडेनऊ ते चार करण्याचा निर्णय झाला. नोव्हेंबरअखेर इथे सहाच्या आत सूर्य मावळतो. उसाच्या कडेने वस्तीवर जाणारे पोर दिवसाउजेडी घरी पोचावे, यासाठी हा निर्णय योग्यच आहे.

पण पोर घरी आले, त्याच्या बापाचे काय? आठवड्यातले काही दिवस थ्री फेज लाईट रात्री येते. मग मध्यरात्री हातात बॅटरी घेऊन तो मोटार चालू करायला आणि दारे धरायला उसात उतरतो. कुकडी आणि डिंभ्याच्या पाण्यावर ऊस वाढला आणि त्याच उसात बिबट्याच्या पिढ्या जन्मल्या. माणिकडोहच्या निवारा केंद्रात किती बिबटे ठेवणार? पिंजरे लावा, जरूर लावा, पण बिबट्या ज्या वेळी हिंडतो त्याच वेळी माणसाला वाफ्यात वाकायला लावणारे वेळापत्रक सरकारी आहे, आणि ते बदलता येते.

शेतीला रात्री वीज देण्यामागे एक हिशेब होता: रात्री मागणी कमी, म्हणून वीज शिल्लक. तो हिशेब सौरऊर्जेने उलटवला आहे. आज महावितरणच कारखान्यांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या विजेवर सवलत देते. भर दुपारी वीज स्वस्त असेल, तर शेतकऱ्याच्या वाट्याला रात्र का? शेतकऱ्याला दिवसा वीज देण्यासाठीच आणलेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आहे, तिचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये सुरू झाला. तिच्यात बिबट्याच्या वावराची गावे सर्वांत आधी हवीत.

तोवर महावितरणने जुन्नर, आंबेगाव, शिरूर आणि खेड या चार तालुक्यांत शेतीची रात्रपाळी बंद करावी, ते तास दिवसा द्यावेत आणि नवे वेळापत्रक प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावे. आमदारांनी या हिवाळ्यात एवढी एकच मागणी लावून धरावी.