भाड्याच्या ट्रॅक्टरचा धंदा आणि त्याचा हिशेब

यवतमाळ जिल्ह्यांत आज बहुतेक गांवीं धन्याच्या वावरापेक्षां परक्यांच्या वावरांतच अधिक चालणारे ट्रॅक्टर दिसतात. आठ-दहा एकरांचा धनी कर्ज काढून ट्रॅक्टर घेतो आणि नांगरट, रोटाव्हेटर, पेरणी व मळणी यांचे ठेके करून हप्ते फेडण्याची उमेद बाळगतो. ही उमेद स्तुत्य आहे. परंतु हंगामभर रात्रंदिवस राबूनहि वर्षअखेर हप्ता थकतो, हा अनुभव अनेकांच्या पदरीं येतो. आणि मग दोष दराला दिला जातो. आमच्या मतें दोष दराचा थोडा आणि हिशेबाचा फार आहे.

डिझेल आणि ड्रायव्हर एवढाच खर्च धरणें, ही पहिली चूक होय. उभा बैल चारा खातो, तसा उभा ट्रॅक्टर पैसा खातो. उदाहरणासाठीं सोपे आंकडे घेऊं. वाचकांनीं त्यांच्या जागीं आपले आंकडे घालावे. ट्रॅक्टर व अवजारें मिळून ८ लाख रुपयांचीं, आणि दहा वर्षांनीं त्यांचे २ लाख येतील असें धरिलें, तर दरसालचा घसारा ६० हजार होतो. गुंतलेल्या सरासरी ५ लाखांवर शेंकडा १० प्रमाणें व्याज ५० हजार, आणि विमा वगैरे १० हजार. म्हणजे चाक न फिरतांहि सालाचे १ लाख २० हजार रुपये गेले. हा ट्रॅक्टर वर्षांत ४०० तास चालला तर तासामागें ३०० रुपयांचा बोजा पडतो. ८०० तास चालला तर १५० चाच. डिझेल, ड्रायव्हर, ऑइल व दुरुस्ती मिळून तासाला ६०० रुपये आणि दर ९०० रुपये धरूं. पहिल्याला कवडीचाहि नफा नाहीं. दुसऱ्याला तासामागें १५०, म्हणजे सालाचे १ लाख २० हजार. दर तोच, ट्रॅक्टर तोच; फरक केवळ तासांचा.

आमच्या काळ्या जमिनींत तास वाढविणें सोपें नाहीं. पाऊस पडला कीं वाफसा येईपर्यंत वावरांत चाक घालतां येत नाहीं. पऱ्हाटी निघाल्यावर उन्हाळी नांगरट, मृगाच्या आगेमागें पेरणी, दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची मळणी व लागलीच हरभऱ्याची पेरणी, एवढेच काय ते कामाचे दिवस. म्हणून एकाच अवजारावर विसंबूं नये. प्रत्येकानें सर्व अवजारें विकत घेण्याचेंहि कारण नाहीं. एकानें रोटाव्हेटर, दुसऱ्यानें पेरणीयंत्र, तिसऱ्यानें मळणीयंत्र घेऊन तीं ठरल्या भाड्यानें एकमेकांस द्यावीं. केंद्र सरकारनें सन २०१४-१५ मध्यें कृषि यांत्रिकीकरणाच्या उपअभियानांत अवजार-बँकांस अनुदानाची तरतूद केली, तीहि याच विचारानें.

दुसरी गोष्ट रिकाम्या धांवेची. सहा फुटी रोटाव्हेटर तासाला ३ किलोमीटर चालीनें न थांबतां चालला, तर सव्वा एकराहून अधिक काम व्हावें. प्रत्यक्षांत वळणें, धुऱ्याचे कोपरे आणि एका वावरांतून दुसऱ्यांत जाणें यांत त्यांतला मोठा हिस्सा जातो. ठेका एकरावर असो वा तासावर, रस्त्यावर जळलेल्या डिझेलचे पैसे कोणी देत नाहीं. यास्तव शिवारवार पाळी लावावी, आणि लागून असलेल्या चार वावरांचें काम एकदम देणाऱ्यांस दरांत थोडी सूट द्यावी. ही सूट नुकसान नव्हे.

तिसरी आणि सर्वांत जिव्हारीं लागणारी गोष्ट उधारीची. वैशाखांत नांगरलेल्या वावराचे पैसे कापूस-सोयाबीन विकल्यावर मिळतात; डिझेल मात्र रोख. वरील ९०० पैकीं दहावा हिस्सा बुडाला तर ९० रुपये गेले, आणि १५० च्या नफ्यांतून ६० च उरले. बुडविणारा बहुधा भाऊबंद किंवा शेजारी असतो, ज्याच्यापाशीं मागण्याचा संकोच वाटतो. सन २००६ च्या पंतप्रधानांच्या विदर्भ-पॅकेजांतील सहा जिल्ह्यांत आमचा जिल्हा होता. येथें मागणारा व देणारा दोघेहि कर्जांत असतात, हें आम्ही विसरत नाहीं. म्हणूनच नियम आधीं ठरावा : डिझेलपुरते पैसे कामाच्या वेळीं रोख, बाकी हंगामावर, तारीख घालून वहींत, दोघांच्या सहीनें. रोखीचा व उधारीचा दर निराळा असावा.

कोणी म्हणेल, शेजारचा ८०० रुपयांत करतो, मग आपण काय करावें? ८०० तास चालणाऱ्यास त्या दरांतहि ५० रुपये उरतात. ४०० तासवाल्यास पदरचे १०० घालावे लागतात. ज्यास आपला खर्च ठाऊक नाहीं तोच आंधळेपणानें दर पाडतो. तो स्वतः तर बुडतोच, पण जातांना दुसऱ्याचाहि धंदा मोडून जातो.

दारांत ट्रॅक्टर असणें ही प्रतिष्ठा खरी. परंतु हप्ता प्रतिष्ठेनें फिटत नाहीं. घेण्यापूर्वीं आपल्या शिवारांत वर्षाचे किती तास मिळतील हें मोजावें. बोजा भागेल एवढ्या तासांची खात्री नसेल, तर दुसऱ्याचा ट्रॅक्टर भाड्यानें घेणेंच शहाणपणाचें. आणि ज्यांनीं घेतला आहे त्यांनीं या हंगामापासून एक साधी वही ठेवावी : तास, डिझेल, दुरुस्ती, येणें. आमच्या सभासद बंधूंनीं एवढें केलें, तर दर वाढण्याची वाट न पाहतांहि त्यांच्या पदरांत आजच्याहून अधिक पडेल, अशी आमची खात्री आहे.